बाण डुलतो तेव्हा आधी पिसं काढा

दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी गेले होते. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. थीसिसचं चौथं प्रकरण लिहून काढू म्हणून लॅपटॉप नेला होता, तो पिशवीतच राहिला. माझा मामेभाऊ अकरावीत आहे आणि धनुर्विद्येत इंडियन राउंड खेळतो. म्हणजे बांबूचं धनुष्य, त्याला नेम धरायचं साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, आणि मारायचं तीस आणि पन्नास मीटरवरून. बारा दिवसांवर त्याची निवड चाचणी होती आणि त्याचे बाण डुलत होते. सुटला की शेपूट हलवत जायचा, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. मैदानावर सगळ्यांनी एकच निदान केलं होतं: तुझा हात हलतो.

मला म्हणाला, "ताई, मी त सारखाच सोडतो. हा तीर काहून असा करते मंग?"

रिसर्चला येऊ पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे. मी तेच केलं, तसंच केलं, मग आकडे वेगळे का आले? म्हणून त्या बारा दिवसांतलं जरा सविस्तर सांगते.

आधी बाण उडतो कसा ते बघू. दोरी सुटते तेव्हा ती धनुष्याच्या मध्याकडे धावते, पण बाण असतो मुठीच्या बाजूला टेकलेला. सरळ हिशोब केला तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा प्रत्येक बाण डावीकडे जायला हवा. जात नाही. कारण मागून अचानक जोर बसला की बाण वेताच्या छडीसारखा वाकतो. शिवाय दोरी बोटांवरून घसरताना थोडी बाजूला सरकते, त्यामुळे तो कुठल्या बाजूला वाकणार हेही ठरतं. एकदा इकडे, एकदा तिकडे असा लवत तो मुठीला वळसा घालून निघतो आणि मग सरळ दिशा धरतो. इंग्रजीत याला आर्चर्स पॅराडॉक्स म्हणतात. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने हे लवणं टिपलं, तेव्हा कुठे ते डोळ्यांना दिसलं. धनुष्य त्याआधी हजारो वर्षं चालत होतं, ही गोष्ट वेगळी!

तर बाण लवलाच पाहिजे, पण धनुष्याच्या ताकदीला शोभेल इतकाच. फार मऊ असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो, फार कडक असेल तर वाकतच नाही आणि डावीकडे जातो. (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) या कडकपणाला धनुर्विद्येत स्पाइन म्हणतात. बाण लांब असला किंवा टोक जड असलं की तोच बाण आणखी मऊ असल्यासारखा वागतो.

मग पिसं कशासाठी? तर चुका झाकण्यासाठी. थोडं कठोर बोलतेय, पण काम तेच. शेपूट बाजूला गेलं की हवा पिसांना धरते आणि बाण सरळ करते. पंधरा-वीस मीटर गेल्यावर डुलणं बरंचसं विरतं. तीस मीटरवरच्या लक्ष्यात बाण रुततो तेव्हा तो जवळजवळ सरळच दिसतो, फक्त भलत्या जागी असतो. म्हणजे बिघाड मुठीपाशी झाला, पिसांनी त्याची खूण पुसली, आणि आपण लक्ष्याकडे बघत कारण शोधत बसलो.

सातपुड्यातल्या जुन्या शिकाऱ्यांना हे पिसांचं पांघरूण परवडत नसे. भिल्लांचा तीरकामठा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, आणि बाण सोडायचा अगदी जवळून. इतक्या जवळ पिसांना काम करायला अंतरच मिळत नाही. डुलता बाण तिरपा लागतो, जोर वाया जातो, आत शिरत नाही. त्यामुळे काडी निवडतानाच ती वाकवून, फिरवून, डोळ्यासमोर धरून पारखायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ती योग्यच बंद झाली. पण काडी पारखायची ती नजरही हळूहळू कमी झाली. आमच्या बुलढाण्याचं नाव धनुर्विद्येत आज प्रथमेश जावकरमुळे घेतलं जातं. २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्याने अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. पण ते कंपाउंड धनुष्य. तिथे दोरी बोटांनी नाही, यांत्रिक रिलीजने सुटते, आणि बाण कारखान्यात मोजूनमापून बनलेले असतात. बांबूच्या धनुष्यावर लाकडी बाण मारणाऱ्या पोराला स्वतःची मोजणी स्वतःच करावी लागते.

पहिल्या दिवशी आम्ही काहीच बदललं नाही. हे फार अवघड जातं. भावाला दोरी बदलायची होती, मामाला पिसं. मैदानावरच्या कुणीतरी टोक जड करायला सांगितलं होतं. तिन्ही एकदम केलं असतं आणि बाण सुधारला असता, तरी कशाने सुधारला ते कळलं नसतं. बिघडला असता तर विचारायलाच नको.

मी फक्त बाणांवर नंबर टाकले. आठ बाण, एक ते आठ. नंबर काडीवर लिहून वर चिकटपट्टी लावली, म्हणजे मारणाऱ्याला कुठला बाण हातात आहे ते कळू नये. घरामागे बांधाला टेकून गवताने भरलेली पोती लावली, अठरा मीटर मोजले, आणि मागे कुणी माणूस-जनावर नाही याची खात्री केली. दर फेरीला बाण उपटून नोंद करायची, पिसायचे, परत द्यायचे. सहा फेऱ्या, अठ्ठेचाळीस बाण. एका बाणाचं पीस थोडं कुरतडलेलं होतं, तो त्याला ओळखू यायचा. तेवढी त्रुटी वहीत लिहून ठेवली.

संध्याकाळी वही मांडली आणि गोंधळ एकदम निवळला. १, २, ४, ६ हे चारही मध्याच्या आसपास वीतभर जागेत. ३ आणि ५ दर वेळी उजवीकडे. ८ दर वेळी डावीकडे. फक्त ७ खरोखर कुठेही जात होता. हात हलत असता तर आठही बाण सारखेच विखुरले असते. हाताला बाणाचा नंबर माहीतच नव्हता! स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात आपण एका गटातला फरक आणि गटागटांमधला फरक असं जे शिकतो ते हेच.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी. मी झिंक ऑक्साइडचे पातळ थर बनवते, वायू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी. एका वेळी पाच काचपट्ट्या. पाचांची सरासरी काढायची, वर एरर बार लावायचा, झालं. एरर बार मोठे यायचे आणि मी म्हणायचे, पदार्थच तसा आहे. त्या रात्री पोत्यासमोरची वही बघताना पोटात गोळा आला. आठ महिन्यांच्या काचपट्ट्या डब्यात आहेत, पण होल्डरवर कुठली पट्टी कुठल्या जागेवर होती ते एकीवरही लिहिलेलं नाही. एखाद्या जागेवर तापमान कमी पडत असेल तर? असेल किंवा नसेल. त्या आठ महिन्यांतून ते आता कधीच कळणार नाही. सरासरी हे माझं पीस होतं.

असो. दुसऱ्या दिवशी ३ नंबरची पिसं काढली. पिसं काढलेला बाण कुठली चूक झाकत नाही, त्यामुळे मूळ बिघाड मोठा होऊन दिसतो. पण नुसता ३ काढून भागत नाही, कारण चांगला बाणसुद्धा पिसांशिवाय थोडा भटकतोच. तुलनेला १ नंबरही सोलावा लागला. भाऊ कळवळला, "चांगला तीर हाय ना ताई तो!" चांगला आहे म्हणूनच तो हवा होता. दहा मीटरवरून १ थोडासाच सरकला. ३ मात्र पोत्याच्या पार उजव्या कडेला लागला आणि शेपूट डावीकडे झुकलेलं. ही मऊ बाणाची खूण. शेपूट वर-खाली झुकलं असतं तर दोरीवर बाण लावायची जागा तपासली असती. मुठीवर टाल्कम पावडर लावून पीस कुठे घासतंय का तेही पाहिलं. घासत नव्हतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही बघितलं, पण सेकंदाला २४० फ्रेममध्ये बाण धनुष्यावर असतानाच्या जेमतेम पाचेक फ्रेम मिळतात. व्हिडिओ छान दिसतो, मोजायला कामाचा नाही.

मग कडकपणा मोजला. पद्धत जुनी आणि सोपी आहे. २६ इंचांवर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर, दोन टेकू. त्यावर बाण आडवा. मध्ये दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम वजन. काडी किती झुकली ते बघायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की पौंडातला स्पाइन येतो. आमच्याकडे ९०७ ग्रॅम कुठून असणार? मामाच्या दुकानातलं एक किलोचं वजन घेतलं. बाणांची आपसात तुलना करायची असेल तर वजन सगळ्यांना सारखं असलं की पुरे. बाहेरच्या कुठल्या तक्त्याशी ताडायचं असेल तर मात्र ९०७ च लागेल, किंवा हिशोब करावा लागेल. हा फरक लॅबमध्येही पुष्कळजण विसरतात.

धनुष्याकडे येणारी बाजू वर ठेवून मोजलं. १, २, ४, ६ हे २२ ते २३ मिलिमीटर झुकले. ८ फक्त १९, म्हणजे कडक. ३ आणि ५ दोन्ही २७, म्हणजे मऊ. इथवर सगळं जुळलं आणि मी खूश होऊन थांबणार होते. मामाने सहज ३ नंबरची काडी पाव वळसा फिरवून ठेवली आणि झुकाव साडेतेवीसवर आला. काडी तीच, वजन तेच.

लाकडाला सगळ्या बाजूंनी सारखा कडकपणा नसतो. वार्षिक वलयांच्या रेषा कुठल्या बाजूला आहेत त्यावर तो बदलतो, आणि नॉक, म्हणजे दोरीत बसणारी शेपटाची खाच, ठरवते की कुठली बाजू धनुष्याकडे येणार. ३ आणि ५ चे नॉक उन्हाळ्यात तुटले होते. भावाने नवे बसवले, नीट चिकटवले, फक्त रेषा बघितल्या नाहीत. कुणी सांगितलंच नव्हतं. पाव वळशाची चूक, आणि दोन महिने पोरगं स्वतःच्या हाताला दोष देत होतं.

दोन्ही नॉक काढून फिरवून बसवले, त्याप्रमाणे पिसंही पुन्हा चिकटवली. ८ बाजूला ठेवला, तो मुळातच जाड काडीचा निघाला. राहिला ७. त्याचा झुकाव २३, अगदी शहाण्या बाणासारखा, आणि तरी तो मनाला येईल तिकडे जायचा. ठरावीक बाजूला जाणाऱ्या बाणाचं कारण ठरावीक असतं. दर वेळी वेगळं वागणाऱ्यात काहीतरी सैल किंवा फुटलेलं असतं. कानाजवळ धरून हळूच वाकवला तर टोकाजवळ बारीक कच्च आवाज आला. केसाएवढी चीर. असा बाण सोडताना मोडला तर काडी थेट हातात घुसते. म्हणून लाकडी बाण रोज वाकवून, आवाज ऐकूनच मारायला घ्यावेत. मामाने तो गुडघ्यावर मोडून चुलीत घातला.

चाचणीत भाऊ राखीव यादीत आला. त्याला त्याचं वाईट वाटलं, आणि सहाच जुळलेल्या बाणांवर सराव झाला याचं मला. परवा त्याचा फोन होता, नवे बारा बाण आलेत. नंबर टाकून झुकाव मोजलाय, ४ आणि ९ जास्त झुकतात म्हणाला. पाव वळसा फिरवून दुसरी नोंद घे आणि मगच नॉकला हात लाव, असं सांगितलंय. इकडे मी होल्डरवर जागांचे नंबर कोरलेत आणि पहिल्या पाच काचपट्ट्या पुन्हा बनवायला घेतल्यात.