तीन बोटं मावतात का?

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय सापडतं? माझ्या ड्रॉवरमध्ये स्टेपलर, जुनी बिलं, अॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी आणि भाजक्या सुपारीची पाकिटं! लेट नाइट कॉल, बाहेरचं खाणं, मग छातीत जळजळ. त्यावर गोळी आणि गोळीनंतर सुपारी. 'तंबाखू थोडीच खातोय?' हा आपला फंडा.

दिवाळीत गावी गेलो. गाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं लाखांदूर. जवळच वडसा. धानाचा हंगाम, रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटकं आणि पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, खर्रा मात्र राहिलाच.

काका जेवायला बसले. नुसता वरण-भात.

''काका, भाजी?''

''तिखट लागते ना बा, तोंड जळते. पोटही बरोबर राहत नाही.''

पोटाची तक्रार वर्षभराची. चूर्ण झालं, काढे झाले. शेवटी नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, ''पोटाचं नंतर बघू, आधी तोंड उघडा.'' काकांच्या तोंडात दोन बोटंही धड जाईनात!

निदान : ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड उघडेनासं होतं. कधी कधी हा कडकपणा घशापर्यंत, अन्ननलिकेपर्यंत पोचतो. कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच.

आता पोटाचा संबंध बघा. पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडातच, लाळेपासून सुरू होतं. घास नीट चावलाच नाही, तर पुढचं सगळं काम पोटावर पडतं. निकोटिनमुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते आणि अॅसिड वर येतं. ते तोंडापर्यंत आलं की दातांचं एनॅमल झिजवतं. म्हणजे वाहतूक दोन्ही बाजूंनी!

शिवाय दिवसाला साधारण लिटरभर लाळ आपण गिळतो, हिरड्यांतल्या जंतूंसकट. पोटातलं अॅसिड त्यातले बरेचसे मारतं. पण अॅसिड दाबणाऱ्या काही गोळ्या सतत घेतल्या, तर तोंडातले जंतू आतड्यात जास्त संख्येने सापडतात. माझी ती पट्टी आठवली...

मी हळूच विचारलं, ''डॉक्टर, नुसती सुपारी चालते ना?'' त्यांनी माझंही तोंड उघडायला लावलं. तीन बोटं गेली, पण गाल आतून पांढुरका दिसला. ''ही सुरुवात आहे,'' ते म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलंय, हे मला तेव्हा कळलं. कडक झालेलं अस्तर पूर्ववत होत नाही. सोडलं तर वाढ थांबू शकते, एवढंच.

तर मंडळी, एवढं कराच :

* आरशासमोर उभी तीन बोटं तोंडात मावतात का बघा. नाही मावली, तर डेंटिस्टकडे जा.
* अॅसिड वर आलं तर लगेच ब्रश नको. पाण्याने चूळ भरा, अर्ध्या-एक तासाने ब्रश करा.
* अॅसिडिटीची गोळी मनाने चालू ठेवू नका.
* मेल वाचत घास गिळू नका. चावा!

परवा काकांना फोन केला. ''खर्रा सुटला का?''

''सुटला. तुई सुपारी?''

ड्रॉवर उघडला. शेवटचं पाकीट डस्टबिनमध्ये टाकलं आणि मगच उत्तर दिलं.