हार्ड डिस्क ५२ अंशांवर : घाबरायचं की नाही?

भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित आवृत्ती. बोलताना झालेली ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ची गर्दी कमी केलीय, बाकी तेच आहे.

गोष्ट मे महिन्यातली. माझा मामेभाऊ अमरावतीला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. भर दुपारी त्याचा फोन. “दादा, कॉम्प्युटर पेटते का काय आता? नवीन हार्ड डिस्क ५२ दाखवून राहिली, अन् खाली मदरबोर्डसमोर १२७ लिहून आहे. एवढ्यात तर पाण्याची वाफ होते ना!” पठ्ठ्यानं कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला होता आणि तीन नवे फॅन ऑर्डर करायच्या बेतात होता.

मी म्हटलं, थांब. आधी बघू, हे आकडे येतात कुठून.

१२७ कुणाचा?

मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज आणि फॅनचा वेग बघणारी एक चिप असते. तिला सेन्सर जोडायला चार-पाच जागा असतात, पण बोर्ड बनवणारा त्या सगळ्या वापरतोच असं नाही. रिकाम्या जागेवरूनही सॉफ्टवेअर आकडा वाचतं. तिथे काहीच जोडलेलं नसल्यामुळे येतो टोकाचा आकडा, १२७ किंवा उणे १२८. आठ बिटांत मावणारी ही दोन टोकं आहेत. म्हणजे भावाकडचा १२७ हे तापमान नव्हतंच. तिथे सेन्सरच नव्हता.

प्रोसेसरचा आकडा

इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही. तो सांगतो, ‘कमाल मर्यादेपासून मी इतके अंश खाली आहे.’ सॉफ्टवेअर त्या मर्यादेतून तो आकडा वजा करतं. आता समजा मर्यादा ९० आहे आणि सॉफ्टवेअरनं १०० धरली, तर प्रत्येक आकडा १० अंशांनी चुकणार. शिवाय हा सेन्सर बनवलाय तो प्रोसेसर जास्त तापला की वेळेत सावध करायला. त्यामुळे मर्यादेजवळ तो जास्त भरवशाचा, आणि कॉम्प्युटर निवांत असताना कमी.

एएमडीचं उदाहरण तर मजेदार आहे. २०१७ साली रायझन ७ मालिकेतले १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर आले. लोकांना ते फार गरम वाटायला लागले. मग एएमडीनंच खुलासा केला, की या मॉडेलांमध्ये दाखवला जाणारा आकडा खऱ्यापेक्षा मुद्दाम २० अंशांनी जास्त ठेवलाय. सगळ्या मॉडेलांचे फॅन एकाच हिशेबानं चालावेत म्हणून. म्हणजे ज्याला ६० दिसत होतं, त्याचा प्रोसेसर खरं तर ४० वर होता!

आणि हार्ड डिस्क?

डिस्कमध्ये स्वतःचा सेन्सर असतो. त्याचा आकडा ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात येतो, बहुतेक वेळा १९४ नंबरच्या ओळीत. प्रोसेसरच्या मानानं हा आकडा बराच सरळ आहे. तरी दोन गोष्टींत गल्लत होते.

एक, काही कंपन्या आत्ताचं, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अशी तिन्ही तापमानं एकाच मोठ्या आकड्यात कोंबतात. सॉफ्टवेअरला ते सोडवता आलं नाही, की दहा-बारा अंकी काहीतरी दिसतं. दोन, काही डिस्कमध्ये १९० नंबरची ओळ असते आणि तिथे ‘१०० वजा तापमान’ लिहिलेलं असतं. डिस्क ४० अंशांवर असेल तर तिथे ६० दिसतं. डिस्क तापत जाते तसा हा आकडा उतरतो! हे माहीत नसेल तर माणूस थंड डिस्कला घाबरतो आणि गरम डिस्कवर खूश होतो.

आणि हो, फोनवाल्यांनो, हसू नका. ‘सीपीयू कूलर’ छाप कितीतरी अॅप्स जे तापमान दाखवतात, ते खरं तर बॅटरीचं असतं. अँड्रॉइडमध्ये साध्या अॅपला तोच आकडा सहज मिळतो.

घरच्या घरी तपासणी

सेन्सर बरोबर आहे का, हे बघायला फुकटचा उपाय आहे. रात्रभर कॉम्प्युटर बंद ठेवा. सकाळी चालू केल्या केल्या डिस्कचं आणि मदरबोर्डचं तापमान बघा, शेजारी खोलीचा साधा थर्मामीटर ठेवा. रात्रभरात सगळं खोलीच्या तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे आकडे जवळपास जुळायला हवेत. दोन-चार अंशांचा फरक चालतो. पंधराचा असेल, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. प्रोसेसर मात्र या परीक्षेत धरू नका, तो काही सेकंदांतच तापतो.

दुसरी खूण त्याहून सोपी. फॅन हवा थंड करत नाही, नुसती फिरवतो. त्यामुळे फॅनवर चालणारी डिस्क खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३५ वर आणि तासभर चाललेली डिस्क २८ वर? सेन्सर खोटं बोलतोय.

म्हणूनच मी भावाला विचारलं, “खोलीत किती आहे?” तर म्हणे ४१. अमरावतीचा मे महिना, कूलर बंद. म्हणजे ५२ चा आकडा खराच होता, पण डिस्कची स्वतःची भर फक्त ११ अंशांची. दिवाळीत, खोली २५ वर असताना, तीच डिस्क तेवढ्याच कामाला ३६ च्या आसपास दिसली असती.

थंड ठेवायचं कसं?

डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात. ती मोटर आणि खालचं सर्किट मिळून उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडते धातूच्या आवरणातून. म्हणून आवरणावरून हवा वाहती ठेवणं, एवढंच आपलं काम. दोन डिस्क एकमेकींना चिकटून बसवू नका, मध्ये एक जागा सोडा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला संथ फिरणारा एक फॅन पुरतो. साचलेल्या हवेतून हलत्या हवेत आलं की मोठा फरक पडतो. त्यानंतर दुसरा, तिसरा फॅन लावून आवाज वाढतो, तापमान फारसं उतरत नाही.

बाहेरून जोडायच्या डिस्कला तर बहुधा फॅनही नसतो, वरून प्लॅस्टिकचं कवच. तासन्‌तास कॉपी चालू असेल तर ती गादीवर, उशीवर ठेवू नका. आणि डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा ‘जुगाड’ विसरा. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं.

मर्यादा किती? बऱ्याच डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात कमाल ६० अंश लिहिलेलं असतं. आपल्या मॉडेलचं बघून घ्या. माझा स्वतःचा हिशेब असा : ४५ पर्यंत निवांत, ५० च्या वर गेलं की हवा खेळती करा, ५५ च्या वर असेल तर मोठं काम थांबवा.

पण खरी गोष्ट वेगळीच

२००७ साली गूगलच्या तीन इंजिनिअरांनी, पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी, एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांची समजूत होती, की डिस्क जितकी गरम तितकी लवकर मरते. आकड्यांत तसं सरळ नातं दिसलंच नाही. उलट, कमी तापमानाच्या डिस्क जास्त बिघडलेल्या दिसल्या. उष्णतेचा फटका जाणवला तो मुख्यतः खूप जास्त तापमानाला आणि तीन वर्षांच्या पुढच्या डिस्कना. अर्थात, त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, बंद कपाटातल्या नव्हेत. म्हणून आपण बेफिकीर व्हायचं असं नाही.

त्याच अभ्यासात दुसरं एक दिसलं. ज्या डिस्कनं एकदा खराब सेक्टर बदलून दुसरा वापरला, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या १४ पटींहून जास्त होती. आणि तिसरं, सगळ्यात झोंबणारं : बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, स्मार्टच्या तक्त्यात आधी कसलीही खूण दाखवली नव्हती.

हे आठवून मी भावाला म्हटलं, “नवीचं सोड. जुन्या डिस्कचा तक्ता उघड.” ती ४६ वर होती, म्हणून त्यानं तिच्याकडे बघितलंही नव्हतं. ५ नंबरच्या ओळीत, बदललेल्या सेक्टरांमध्ये, आकडा होता. १९७ मध्येही होता, म्हणजे वाचायला अडणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. आणि त्याच डिस्कवर तीन लग्नांचं शूटिंग, दुसरी कॉपी कुठेच नाही.

टेबल फॅन तसाच चालू ठेवून त्यानं कॉपी सुरू केली. रात्रीपर्यंत जवळपास सगळं निघालं. एका हळदीच्या दोन क्लिप मात्र वाचल्या गेल्याच नाहीत. त्या घरच्यांना फोन करताना त्याचा आवाज कसा झाला होता, ते मी ऐकलंय.

तर आज भाग संपला की एवढंच करा. डिस्कचं तापमान बघा, पण खोलीचं तापमान शेजारी ठेवून. मग ५ आणि १९७ या ओळी बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये १९७ च्या जागी ‘सी५’ लिहिलेलं असतं. मोजणीच्या आकड्यात शून्याशिवाय काहीही दिसलं, तर आधी कॉपी, मग बाकीचं. आणि शून्य असलं तरी दुसरी कॉपी हवीच. ते ३६ टक्के विसरू नका.

तुमच्या डिस्कनं काय दाखवलं ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत डोकं आणि डिस्क, दोन्ही थंड ठेवा!