फ्लॅश लावला, तरी फोटो का बिघडतो?

गेल्या पावसाळ्यात टोमॅटोवर करपा दिसला. संध्याकाळी कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश बसवून मी पानांचे फोटो काढले आणि तज्ज्ञांकडे पाठवले. पाने पांढरीफटक आली, डाग दिसेनात. दुसरे फोटो पाठवेपर्यंत चार दिवस गेले आणि करपा शेजारच्या सऱ्यांत पोचला.

चूक माझीच होती. फ्लॅश पूर्ण ताकदीवर होता. त्याचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ३२ मीटर. त्याला अंतराने भागले, की भिंगाचे छिद्र किती ठेवायचे ते कळते. पान अर्ध्या मीटरवर, म्हणजे एफ-६४ हवे. इतके बारीक छिद्र माझ्या भिंगाला नाही. ताकद १/६४ केली, की गाइड नंबर ४ होतो आणि एफ-८ ला काम भागते.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात:

फोटोत काळा पट्टा आला, तर शटर १/२०० किंवा त्याहून मंद ठेवावे. फोटो काळपट आला, तर फ्लॅशचा तयारीचा दिवा लागेपर्यंत थांबावे. दिवा फार उशिरा लागत असेल, तर सगळे सेल एकदम बदलावेत. फ्लॅश उडालाच नाही, तर तो नीट घट्ट बसवावा आणि खालचे संपर्कबिंदू कोरड्या फडक्याने पुसावेत. ओले पान चमकते. त्याचा फोटो तिरक्या बाजूने घ्यावा.

पाठवण्यापूर्वी फोटो मोठा करून पाहावा. डाग आपल्याला दिसला, तरच तो तज्ज्ञांना दिसेल.