शिबिराची खरी परीक्षा घरी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की परंड्यातल्या आपल्या वस्तीत एक विषय हमखास निघतो. यंदा धम्मशिबिराला कोण जाणार? तरुण मंडळी उत्साहाने नावे सांगतात आणि घरातली वडीलधारी माणसे हिशेब मांडू लागतात. आम्ही शिबिराला जायचे म्हटले तेव्हा आमची आई म्हणाली, “धा दिस गप बसून काय मिळतंय? तेवढ्या मजुरीत पोरांची वह्या-पुस्तकं झाली असती.”

आईचे म्हणणे खोटे नव्हते. हातावर पोट असणाऱ्याला रोज बुडवणे परवडत नाही. म्हणूनच शिबिरात नेमके काय होते आणि तेथून माणूस काय घेऊन येतो, हे आपल्या कुटुंबांना नीट कळले पाहिजे.

लेण्यांच्या पायथ्याशी

आम्ही दहा दिवसांऐवजी पाच दिवसांचे शिबिर निवडले. परंड्याहून एस.टी.ने कुर्डुवाडी, तेथून रेल्वेने पुणे आणि पुण्याहून लोणावळा लोकलने मळवली. मळवलीहून पायी गेले की भाजे गाव लागते. तेथेच लेण्यांच्या परिसरात ‘सद्धम्म प्रदीप’ हे शिबिर केंद्र आहे. ते त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या परंपरेतले. १९७७ साली धम्मचारी लोकमित्र हे इंग्रज गृहस्थ योग शिकण्यासाठी पुण्याला येत असताना नागपूरला थांबले. त्या वेळी धम्मदीक्षेचा एकविसावा वर्धापन दिन होता. तेथे जमलेला आपला समाज पाहून ते भारावले आणि पुढे इथलेच झाले. १९७९ साली त्यांनी पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम सुरू केले. त्याच कामाचे नाव आज त्रिरत्न असे आहे. विदर्भातील बांधवांसाठी बोरधरण येथेही या परंपरेचे केंद्र आहे.

राहणे साधे असते. सकाळी वंदना, त्रिसरण-पंचशील, मग ध्यान. आनापानसती म्हणजे श्वासावर लक्ष ठेवणे आणि मेत्ता भावना म्हणजे स्वतःपासून सुरुवात करून शत्रूपर्यंत सर्वांविषयी मैत्री वाढवणे. त्यानंतर प्रवचन आणि गटचर्चा. आमच्या गटात रिक्षावाला, शिक्षक आणि गवंडी एकाच सतरंजीवर बसले होते. जेवणानंतर ज्याने त्याने आपले ताट घासायचे, असा तिथला शिरस्ता.

एका दुपारी आम्ही भाजे लेणी पाहिली. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या चैत्यगृहाच्या छताला जुन्या लाकडी कमानी अजून आहेत. पाण्याच्या एका टाक्यावर ते दान देणाऱ्या महारठी विष्णुदत्ताचे नाव कोरले आहे. समोरच्या डोंगरातील कार्ले लेण्यात तर सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. दरवाजा त्याने घडवला! राजांच्या आणि सावकारांच्या बरोबरीने एका कारागिराचे नाव दगडात राहिले. बौद्ध संघाची निवासस्थाने कष्टकऱ्यांच्या हातांनीही उभी राहिली आहेत, हे पाहून आमचे मन भरून आले. अशी जागा आपल्याला परकी कशी असेल?

इगतपुरीचे दहा दिवस

आपल्यापैकी पुष्कळजण इगतपुरीच्या धम्मगिरी येथेही जातात. सत्यनारायण गोयंका गुरुजी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीला विपश्यनेची शिबिरे भरू लागली. तेथील शिस्त कडक आहे. पहाटे चारला उठायचे, दिवसाकाठी सुमारे दहा तास बसायचे आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन पाळायचे. फी नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावरच पुढच्यांचा खर्च चालतो. त्यामुळे गरिबाला तेथे लाचारी वाटत नाही.

मात्र घरात कोणाला मानसिक आजार असेल, गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल, तर अर्जात ते स्पष्ट लिहावे. लपवून जाऊ नये.

डोळे मिटायचे की लढायचे?

आमच्या वस्तीतील एका कार्यकर्त्याने आम्हाला सरळच विचारले, “बाबासाहेबांनी लढायला सांगितलं. तुम्ही डोळे मिटून काय बसता?” प्रश्न रास्त आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्खूविषयी असाच प्रश्न उभा केला आहे. भिक्खू हा केवळ परिपूर्ण माणूस व्हावा की समाजाचा सेवक? केवळ स्वतःपुरता परिपूर्ण झालेला माणूस धम्मप्रचाराच्या उपयोगाचा नाही, धम्माची आशा समाजसेवक भिक्खूवर आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. हीच कसोटी शिबिराला लावावी. ध्यान करून जो वस्तीकडे पाठ फिरवतो, त्याचे ध्यान फुकट गेले.

आमचा अनुभव सांगतो. शिबिराहून परतलो आणि आठवडाभरातच एका ठेकेदाराने आमच्यासह पाच जणांची मजुरी कापली. पूर्वी आम्ही शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला मुकलो असतो. या वेळी राग आला नाही असे नाही, पण राग आलेला कळला. आम्ही पाचही जण हजेरीची वही घेऊन गेलो आणि दिवस मोजून दाखवले. निम्मे पैसे मिळाले. उरलेल्यांसाठी अजून खेटे घालतो आहोत. ध्यानाने आम्हाला गप्प बसवले नाही, उलट बोलताना जीभ ताब्यात राहिली.

घरातला फरक मात्र आईने ओळखला. जेवण झाल्यावर आम्ही आपले ताट उचलून घासायला नेले तेव्हा ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी शेजारणीला म्हणाली, “शिकवलं म्हणायचं काहीतरी.”

भगिनींचे काय?

येथे एक गोष्ट खेदाने लिहावी लागते. शिबिराला पुरुष जातो आणि चूल सांभाळायला बाई घरी राहते. खरे तर तेथे भगिनींना पूर्ण वाव आहे. विपश्यनेत स्त्री-पुरुषांची बसण्या-राहण्याची सोय वेगळी असते. त्रिरत्न परंपरेत स्त्रिया धम्मचारिणी होतात. तेव्हा या वर्षी नवरा गेला तर पुढच्या वर्षी बायकोने जावे, आणि तेवढे दिवस भाकरी नवऱ्याने थापावी. हा घरातला समतेचा धडा समजावा.

आणि ज्यांना गाव सोडणेच शक्य नाही, त्यांचे काय? वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतोच. त्यातलाच एखादा रविवार एक दिवसाच्या शिबिराला द्यावा. सकाळी वंदना व अर्धा तास ध्यान, दुपारी ग्रंथावर चर्चा, प्रत्येक घरातून चार भाकरी आणि सामाईक पिठले. मुलांचा वेगळा गट बसवावा. खर्च नाही, मजुरी बुडत नाही. आमच्या वस्तीत आम्ही हे ठरवले आहे. सतरंज्या कोणी आणायच्या यावर तेवढी चर्चा चालू आहे!

आपापल्या गावी बांधवांनी व भगिनींनी हा विचार करावा, ही नम्र विनंती. जयभीम!