विश्लेषण : विश्वविजेत्या वरानची कारकीर्द ३१व्या वर्षीच का संपली? ‘हेडर’ बचावपटूंसाठी किती धोकादायक?

फ्रान्सचा विश्वविजेता बचावपटू राफाएल वरानने २५ सप्टेंबर २०२४ रोजी फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याचे वय होते अवघे ३१. मध्यवर्ती बचावपटूसाठी हे खरे तर भराचे वय. निवृत्तीचे तात्कालिक कारण गुडघ्याची दुखापत हेच होते. मात्र त्याआधी काही महिने वरानने एका वेगळ्याच दुखण्याला वाचा फोडली होती. मैदानावर डोक्याला बसणारे हादरे, त्यानंतरही खेळत राहण्याची सवय आणि त्याची किंमत, याविषयी इतक्या मोठ्या खेळाडूने इतके स्पष्ट बोलणे फुटबॉलला नवीन होते.

झिदानलाही थांबायला सांगणारा मुलगा

वरानचा जन्म १९९३ चा, उत्तर फ्रान्समधील लील शहरातला. वडील मूळचे कॅरेबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरचे. वयाच्या नवव्या वर्षी तो लॉन्स क्लबच्या प्रबोधिनीत दाखल झाला आणि १७व्या वर्षी लॉन्सच्या मुख्य संघातून खेळू लागला. त्या हंगामाअखेरीस लॉन्सची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली, पण या उंच, शांत मुलावर युरोपातील बड्या क्लबांची नजर पडली होती.

रेयाल माद्रिदसाठी त्याला विचारणा करणारा फोन केला तो साक्षात झिनेदिन झिदानने. वरान तेव्हा शालान्त परीक्षेची तयारी करत होता. नंतर फोन कराल का, असे त्याने झिदानला सांगितल्याचा किस्सा फ्रान्समध्ये आजही चवीने सांगितला जातो. झिदानने पुन्हा फोन केला आणि २०११ मध्ये वरान माद्रिदला गेला.

प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी त्याला फार काळ राखीव खेळाडूंत ठेवले नाही. जानेवारी २०१३ मध्ये कोपा डेल रे स्पर्धेच्या उपांत्य लढतीत बार्सिलोनाविरुद्ध त्याने बरोबरीचा गोल केला आणि बचावातही लिओनेल मेसी व सहकाऱ्यांना रोखले. परतीच्या सामन्यात, बार्सिलोनाच्या मैदानावर, पुन्हा गोल. तेव्हा तो जेमतेम १९ वर्षांचा होता.

माद्रिदमध्ये काय कमावले?

दहा हंगामांत ३६० सामने आणि १८ करंडक. यात चॅम्पियन्स लीगची चार, तर स्पॅनिश लीगची तीन विजेतेपदे आहेत. शेजारी सर्जिओ रामोससारखा आक्रमक, कार्डे ओढवून घेणारा कर्णधार असल्याने वरानचे काम अनेकदा झाकोळले गेले. रामोस पुढे धावून जायचा, मागची मोकळी जागा वरान सांभाळायचा. त्याचा वेग असा होता, की त्याला घसरून चेंडू काढण्याची वेळ क्वचितच यायची. बचावपटूचे उत्तम काम बहुतेकदा दिसत नाही, ते असे.

२०१८ हे त्याचे शिखर. २६ मे रोजी माद्रिदसाठी चॅम्पियन्स लीग आणि १५ जुलै रोजी मॉस्कोत फ्रान्ससाठी विश्वचषक. रशियातील त्या स्पर्धेत प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी त्याला सातही सामन्यांत पूर्ण वेळ खेळवले. उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेविरुद्ध आन्तोन ग्रीझमनच्या फ्री-किकवर वरानने केलेला गोल हेडरचाच होता.

डोक्याच्या दुखापतीबद्दल तो काय म्हणाला?

एप्रिल २०२४ मध्ये, मँचेस्टर युनायटेडकडून खेळत असताना, ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाला त्याने मुलाखत दिली. कारकीर्दीतील सर्वात वाईट तीन सामने काढले, तर त्यातील किमान दोन सामन्यांच्या काही दिवस आधी आपल्या डोक्याला मार बसला होता, असे त्याने सांगितले.

पहिला सामना २०१४ च्या विश्वचषकातील. ३० जून रोजी नायजेरियाविरुद्ध त्याच्या डोक्याला मार लागला. त्याने सामना पूर्ण केला, पण यंत्रवत खेळत असल्यासारखे वाटत होते. चार दिवसांनी माराकाना स्टेडियमवर जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व लढत होती. १३व्या मिनिटाला मॅट्स हुमेल्सने वरानला मागे सारत हेडरद्वारे गोल केला आणि फ्रान्स ०-१ असा बाहेर पडला.

दुसरा सामना ऑगस्ट २०२० मधील. रिकाम्या स्टेडियममध्ये मँचेस्टर सिटीने माद्रिदला २-१ असे हरवले. सिटीचे दोन्ही गोल वरानच्या चुकांतून झाले. वृत्तपत्रांनी त्याला धारेवर धरले, त्यानेही दोष स्वतःकडे घेतला. डोक्याला आधी लागलेल्या माराचा उल्लेख तेव्हा कुठे झाला नाही.

मुद्दा पराभवासाठी सबब शोधण्याचा नव्हता. स्नायू दुखावला तर खेळाडू लंगडतो आणि सर्वांना दिसते. मेंदूला हादरा बसला तर माणूस धावतो, बोलतो, पण प्रतिक्रिया क्षणभर उशिरा येते. त्या अवस्थेत दुसरा मार बसला असता तर काय झाले असते, हा वरानचा प्रश्न होता. युनायटेडकडूनही एका सामन्यात वारंवार हेडर मारल्यानंतर पुढचे काही दिवस त्याला विलक्षण थकवा आणि डोळ्यांवर ताण जाणवला. या वेळी त्याने वैद्यकीय पथकाला कळवले, चाचणी दिली आणि पुढचा सामना सोडला. फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या सात वर्षांच्या मुलाला हेडर मारू नकोस असे सांगतो, हेही त्याने सांगून टाकले. विश्वचषकात हेडरने गोल करणारा बाप हे सांगतो, याची चर्चा होणारच होती.

बचावपटूंनाच धोका अधिक का?

ग्लासगो विद्यापीठातील डॉ. विली स्टुअर्ट यांच्या पथकाने स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांनी त्यांचा मृत्यू होण्याचे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे २०१९ मध्ये समोर आले. २०२१ मध्ये याच पथकाने मैदानावरील जागेनुसार विभागणी केली. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांमध्ये अशा आजारांचा धोका सामान्य लोकांपेक्षा फारसा वेगळा आढळला नाही, तर बचावपटूंमध्ये तो जवळपास पाच पट होता. या नोंदी जुन्या पिढीच्या आहेत आणि केवळ हेडरच कारणीभूत असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. पण लांबून येणारे गोल-किक आणि कॉर्नर डोक्याने परतवणे हे बचावपटूचे रोजचे काम, त्यामुळे संशय तिकडेच जातो.

नियम काय सांगतात?

इंग्लंडमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून व्यावसायिक खेळाडूंनी सरावात आठवड्याला जोरदार आघाताचे दहाच हेडर मारावेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे. सामन्यात अर्थातच मर्यादा नाही. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूसाठी अतिरिक्त बदली खेळाडू देण्याचा प्रयोग २०२१ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये त्याला नियमावलीत जागा मिळाली. मात्र हा बदल कायमचा असतो, बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. परिणामी, पथकाला काही क्षणांत निर्णय घ्यावा लागतो आणि खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो. रग्बीत तपासणीसाठी खेळाडूला तात्पुरते बाहेर काढता येते. तशी मुभा मिळावी, अशी मागणी इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतील लीगनी केली होती, ती २०२३ मध्ये मान्य झाली नाही.

भारतीय वाचकांना क्रिकेटचे उदाहरण आठवेल. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळल्यानंतर युजवेंद्र चहल त्याच्या जागी उतरला आणि सामनावीर ठरला. क्रिकेटमध्ये ही सोय २०१९ पासून आहे.

अखेरचे पर्व कसे होते?

२०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झालेल्या वरानला तिन्ही हंगामांत दुखापतींनी छळले. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध अतिरिक्त वेळेत त्याला बाहेर यावे लागले. काही आठवड्यांनी, २९व्या वर्षी आणि ९३ सामन्यांनंतर, त्याने फ्रान्सच्या संघाचा निरोप घेतला. युनायटेडसाठीचा त्याचा शेवटचा सामना मे २०२४ मधील एफए चषकाची अंतिम लढत ठरला. सिटीवरच विजय मिळवून त्याने तो साजरा केला.

त्यानंतर तो इटलीतील कोमो या नव्याने पहिल्या श्रेणीत आलेल्या क्लबकडे गेला. ११ ऑगस्ट रोजी सॅम्पडोरियाविरुद्ध पदार्पण झाले, पण २३व्या मिनिटालाच गुडघा दुखावला. लीगसाठीच्या संघयादीत त्याचे नाव आले नाही. केवळ खेळाला चिकटून राहायचे नाही, असे सांगत त्याने सहा आठवड्यांत बूट उतरवले. कोमोशी नाते मात्र कायम आहे. आता तो क्लबच्या संचालक मंडळावर आहे.