टॉवर बंद पडला तर निरोप कसा धाडाल?

25 जुलै 2024 ला पुण्याजवळच्या सांगवीत शिरलं तसं पुराचं पाणी पुन्हा शिरलं, वीज गेली आणि मोबाइल टॉवरची बॅटरीही संपली तर? अशा वेळी 'लोरा' कामी येतो. कमी विजेत लांबचा पल्ला गाठणारी ही रेडिओ पद्धत आहे. 'मेशटॅस्टिक' हे मोफत सॉफ्टवेअर घातलेलं, दोन-तीन हजारांचं तळहाताएवढं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडायचं. सिमकार्ड नको, इंटरनेट नको. एका यंत्राचा निरोप दुसरं पुढे पाठवतं. असे टप्पे मुळात तीन, वाढवले तर सात.

आवाज जात नाही, फक्त मजकूर जातो. तोही दोनशेच्या आसपास बाइटचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, तीन बाइट खातं. म्हणजे सत्तरेक चिन्हांत आटपायचं. 'तळमजल्यात पाणी, आजी अडकल्या, दोर आणा' एवढं आरामात मावतं, भाषण मावत नाही.

चाकण-म्हाळुंगेच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहरी अडतात, म्हणून अँटेना छतावर हवी. निगडीच्या दुर्गा टेकडीसारखी उंच जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं.

भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याविना खुला आहे. 915 वालं यंत्र स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. अँटेना जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.

हे जाळं अग्निशमन दलाला आपोआप कळवत नाही. फोन लागत असेल, तर आधी 112 च लावा.