४८ तासांचा नियम, ७४ तासांची शिफारस

आठवड्याचे तास १६८. निवासी डॉक्टरने त्यांपैकी जास्तीत जास्त ७४ तास काम करावे, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये केली. त्याची विभागणी अशी: एक ड्युटी २४ तासांची, पाच दिवस प्रत्येकी १० तास आणि एक दिवस सुटी. याच डॉक्टरांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी दिलेल्या निर्देशांत आकडा होता आठवड्याला ४८ तास, आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. म्हणजे ३२ वर्षांत कागदावरची मर्यादा २६ तासांनी, ५४ टक्क्यांनी वर सरकली.

तरीही ७४ ची शिफारस निवासी डॉक्टरांना दिलासा वाटते, कारण अनेकांचा प्रत्यक्षातला आकडा त्याहून मोठा आहे. १९९२ च्या निर्देशांत ‘सर्वसाधारणपणे’ आणि ‘कामाच्या निकडीनुसार’ अशा दोन सवलती होत्या. सरकारी रुग्णालयात निकड रोजचीच, त्यामुळे सवलत हाच नियम झाला. आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीने तासांचा आकडाच दिला नाही, ‘वाजवी’ तास काम व ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द घातले. वर्षाला २० दिवस पगारी रजा, ५ दिवस शैक्षणिक रजा, ८० टक्के हजेरी या बाबी तिथे आकड्यांत आहेत. आकडा नाही तो कामाच्या तासांना.

कृती दलाच्या ऑनलाइन पाहणीत ३७,९६२ जणांनी उत्तरे दिली: २५,५९० एमबीबीएसचे विद्यार्थी, ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी (म्हणजेच निवासी डॉक्टर) आणि ७,०३५ अध्यापक. निवासी डॉक्टरांपैकी ४५ टक्के आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम करत होते, आणि निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, जणांना साप्ताहिक सुटी नियमित मिळत नव्हती. पाहणी ऐच्छिक होती. देशातल्या निवासी डॉक्टरांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांनी ती भरली. ज्यांना त्रास आहे ते अशी पाहणी जास्त भरतात हे खरे, आणि ज्यांना फॉर्म भरायलाही वेळ नाही ते गळतात हेही खरे. त्यामुळे या टक्केवारीला देशाची सरासरी म्हणता येणार नाही. पण ५,३३७ पैकी जवळपास २,४०० डॉक्टरांनी ६० तासांच्या पुढचे उत्तर दिले, एवढे तिच्यातून निश्चित कळते.

या पाहणीतली एक जोडी नीट पाहण्यासारखी आहे. मानसिक आजाराचे निदान झाल्याचे एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले, तर निवासी डॉक्टरांपैकी १५.३ टक्के जणांनी, म्हणजे निम्म्याहून थोड्याच जास्त प्रमाणात. आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे मात्र एमबीबीएसच्या १६.२ टक्के जणांनी सांगितले आणि निवासी डॉक्टरांपैकी ३१.२ टक्के जणांनी, म्हणजे जवळपास दुप्पट. निदान अर्धे आणि त्रास दुप्पट, हे आजार कमी असल्याचे लक्षण नाही. निदानासाठी ओपीडीत जावे लागते, तेही दिवसा, बहुधा स्वतःच्याच रुग्णालयात, जिथे केसपेपर हाताळणारे सगळे ओळखीचे असतात. मला तरी या दोन ओळींमधले अंतर उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचे वाटते.

कृती दलाच्या अहवालापूर्वीच्या पाच वर्षांत १२२ वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, ६४ एमबीबीएसचे आणि ५८ पदव्युत्तर. याच काळात १,२७० जणांनी शिक्षण सोडले: एमबीबीएसचे १५३, पदव्युत्तर १,११७. पदव्युत्तर जागा एमबीबीएसपेक्षा कमी, आणि सोडणारे सातपट. यातले काही जण पुढच्या वर्षी हवी ती शाखा मिळावी म्हणून बाहेर पडलेले असतात, आणि हा आकडा त्यांना वेगळे काढत नाही. म्हणून सातपटीचा सगळा भार कामाच्या ताणावर टाकणे चूक. पण वर्षानुवर्षांची तयारी आणि लाखोंच्या बाँडची भीती बाजूला ठेवून शेकडो जण निघून जातात, हे एखाद्या जागेच्या कामाबद्दल काहीतरी सांगतेच. (हा मजकूर वाचणाऱ्या कोणाला स्वतःसाठी किंवा सहकाऱ्यासाठी बोलायचे असेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते.)

तासांचा अर्थ दिवसात बदलून पाहू. रोज सात तास झोप धरली तर आठवड्याला ४९ तास झोपेचे. ४८ तास काम करणाऱ्याकडे आंघोळ, जेवण, प्रवास, अभ्यास, प्रबंध आणि घर यांसाठी रोज सुमारे १० तास उरतात. ७४ तासांत ते साडेसहावर येतात. आठवडा १०० तासांचा झाला की रोज २ तास ४३ मिनिटे. या २ तास ४३ मिनिटांत भागत नाही आणि पहिली कपात झोपेची होते, कारण बाकीचे काही टाळता येत नाही. युनिटची इमर्जन्सी सकाळी आठला सुरू होते, रात्र कॅज्युअल्टी आणि ओटीत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी न जाता राउंड, ओपीडी, डिस्चार्जचे कागद असा ‘पोस्ट-इमर्जन्सी’ दिवस संध्याकाळपर्यंत चालतो. ३६ तासांची ड्युटी म्हणतात ती हीच. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने अशा ३६ तासांच्या ड्युट्यांना अमानवी म्हटले.

१९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात १७ तास जागे राहिलेल्यांची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी आढळली, आणि २४ तासांनी ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. भारतात वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे जी अवस्था स्टिअरिंगमागे गुन्हा ठरते, तिच्या तिप्पट मंदावलेला माणूस औषधाचा डोस मोजत असतो. त्याचा परिणाम रुग्णावर होतो हे बोस्टनमधल्या आयसीयूंत मोजले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात इंटर्नांच्या २४ तासांहून लांब पाळ्या काढून आठवडा सुमारे ८० तासांवरून ६० ते ६३ तासांवर आणला. जुन्या वेळापत्रकात दर १,००० रुग्णदिवसांमागे १३६ गंभीर चुका होत होत्या, नव्यात १००. म्हणजे जुन्या पद्धतीत ३६ टक्के जास्त चुका. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात लांब पाळीनंतर गाडी चालवत घरी जाणाऱ्या इंटर्नच्या अपघाताची शक्यता २.३ पट निघाली.

विरोधात जाणारा आकडाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. तिथल्या ११७ सर्जरी प्रशिक्षण कार्यक्रमांतली मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला सलग पाळीची मर्यादा पाळायची होती, दुसऱ्याला त्यातून सूट होती. रुग्णांच्या मृत्यूत वा गुंतागुंतीत फरक पडला नाही. पाळ्या लहान करण्याच्या विरोधात हे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यात सांगायचे राहते ते असे, की आठवड्याचे ८० तास दोन्ही गटांना सारखेच बंधनकारक होते. चाचणी तासांच्या मांडणीची होती, एकूण तासांची नव्हे. युरोपीय संघात हीच मर्यादा सरासरी ४८ तास आहे आणि ती शिकाऊ डॉक्टरांना २००९ पासून पूर्णपणे लागू झाली.

बर्नआउट मोजणे हे तास मोजण्यापेक्षा कितीतरी अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. थकवा, कामापासून मनाने दूर जाणे आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी त्याची तीन अंगे. व्याख्या असूनही मापे किती वेगळी असतात पहा: २०१८ मध्ये ‘जामा’त आलेल्या आढाव्यात ४५ देशांतले १८२ अभ्यास तपासले गेले. त्यांत बर्नआउटची किमान १४२ व्याख्या वापरल्या होत्या आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत निघाले. ‘इतके टक्के डॉक्टर खचले’ असा सुटा आकडा म्हणूनच फार उपयोगाचा नाही. एकाच मापाने वर्षानुवर्षे घेतलेली मालिका उपयोगाची. अमेरिकी डॉक्टरांची अशी मालिका आहे: किमान एक लक्षण असणारे २०२० मध्ये ३८.२ टक्के, २०२१ मध्ये ६२.८, २०२३ मध्ये ४५.२. साथीच्या ताणात एका वर्षात २४.६ अंकांची वाढ, नंतरच्या दोन वर्षांत १७.६ अंकांची घट. डॉक्टरांचा स्वभाव दोन-तीन वर्षांत दोनदा बदलत नाही. बदलले ते काम.

प्रतिबंधाचे पुरावेही त्याच दिशेने जातात. २०१६ च्या ‘लॅन्सेट’मधील आढाव्यात ५२ अभ्यास एकत्र केल्यावर उपायांनी बर्नआउट ५४ टक्क्यांवरून ४४ वर आला. कोणत्या उपायांनी, याचे उत्तर पुढच्या वर्षीच्या १९ अभ्यासांच्या विश्लेषणाने दिले: डॉक्टरला ध्यान, समुपदेशन, ताणव्यवस्थापन शिकवणाऱ्या उपायांचा परिणाम ०.१८, तर पाळ्या, कामाचा बोजा आणि टीमची रचना बदलणाऱ्या उपायांचा ०.४५. म्हणजे अडीचपट. परिचारिकांबाबत तर हा हिशेब खाटेपर्यंत जातो. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या २००२ च्या अभ्यासात प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णाच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. आपल्याकडे वॉर्डात सिस्टर कमी असल्या की रक्त काढण्यापासून रिपोर्ट आणण्यापर्यंतची कामे जेआर-१ कडे, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरकडे, जातात. तिथे योगशिबिर भरवल्याने रात्री दोनला रिपोर्ट आणणारा माणूस बदलत नाही.

मग माणसे किती लागतील? चोवीस तास भरलेली ठेवायची एक जागा म्हणजे आठवड्याला १६८ तास. १०० तासांच्या आठवड्यात तिला १.७ डॉक्टर पुरतात, ७४ तासांत २.३ लागतात, ४८ तासांत ३.५. शंभरावरून ७४ वर यायचे तर ३५ टक्के जादा हात हवेत, ४८ वर यायचे तर १०८ टक्के. आता दुसरा आकडा. देशातल्या पदव्युत्तर जागा २०१४ पूर्वी ३१,१८५ होत्या, २०२४ मध्ये ७२,६२७ झाल्या, म्हणजे १३३ टक्के वाढ. कागदावर ४८ तासांसाठी लागणाऱ्यापेक्षा जास्त. पण महाविद्यालयेही याच काळात ३८७ वरून ७३१ झाली. ढोबळ हिशेब केला तर एका महाविद्यालयामागे जागा ८१ वरून ९९ झाल्या, फक्त २३ टक्के वाढ. नवे डॉक्टर नव्या रुग्णालयांत गेले, आणि ते योग्यच होते. जुन्या रुग्णालयांच्या ड्युटी-लिस्टवर मात्र त्यामुळे फारशी जादा नावे आली नाहीत.

हात कमी झाले की काय होते हे २०२१ मध्ये दिसले. जानेवारीत ठरलेली नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा सप्टेंबरमध्ये झाली, प्रवेशाचे समुपदेशन जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यातली एक तुकडी त्या वर्षी आलीच नाही. साथीच्या काळात एक तृतीयांश मनुष्यबळ गायब असताना उरलेल्या दोन तुकड्यांनी तीन तुकड्यांचे काम केले. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रात ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना संपावर गेली तेव्हा तिच्या मागण्यांत विद्यावेतन आणि वसतिगृहाबरोबर वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करण्याची मागणी होती. ती पदांची मागणी खरे तर तासांचीच मागणी होती.

आयोगाची यंत्रणा अध्यापकांची हजेरी आज आधारशी जोडून, चेहरा ओळखून घेते. निवासी डॉक्टरची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली का, हेही तपासले जाते. दोन्ही तपासण्या किमान मर्यादेच्या आहेत. निवासी डॉक्टर किती वाजता वॉर्डातून बाहेर पडला याची नोंद करून आठवड्याची बेरीज ७४ च्या, किंवा १९९२ च्या निर्देशांनुसार ४८ च्या, पुढे गेलेल्या युनिटांची यादी दरमहा प्रसिद्ध करायला नवे यंत्र लागत नाही. येण्याची वेळ टिपणाऱ्या त्याच यंत्राने जाण्याची वेळही टिपली, की प्रत्येक युनिटला किती पदे कमी आहेत हे १६८ ला भागून काढता येईल.